हिरव्या साडीची घडी

माझ्या कार्यक्रमांत निवेदक मंडळी हमखास सांगायची, की वनिताताईंना पहिलं गाणं अंजूरच्या खाडीवरच्या वाऱ्यानं दिलं. मी माइकशेजारी उभी राहून गोड हसायचे. खाडीवरच्या वाऱ्यानं मला पडशाखेरीज काही दिलेलं नाही. पहिलं गाणं मला मिळालं ते पोटात दुखायला लागलं म्हणून, आणि पोटात दुखत होतं ते माझ्या वहिनीमुळे. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता आवाज गेलाय, कार्यक्रम बंद झालेत, लाजायचं वयही उलटून गेलंय, तेव्हा सांगून टाकते.

आमच्या घरात आवाज म्हणजे आईचा. आई धवलारीण होती. आमच्या लग्नांत हळद कांडण्यापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत एकेका विधीचं एकेक गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते गाणारी ती धवलारीण. ती आल्याशिवाय हळदीला कुणी हात लावत नाही, मग भटजी दारात ताटकळत का बसेना. आई बसायची पाटावर, डोक्यावरून पदर, समोर सुपात तांदूळ, आणि एकदा सुरू झाली की ऊठ म्हणेपर्यंत उठायची नाही. घरीसुद्धा तिचं गाणं चालूच. भाकरी थापताना एक, बोंबील भाजताना एक. सुक्या बोंबलाचा वास आणि आईचा धवला या दोन गोष्टी माझ्या डोक्यात अशा काही एकत्र बसल्यात, की पुढं मोठ्या हॉटेलात जेवायला बसले तरी तो वास आला की मला तोंडात ओळ यायची. बाबा मिठागरावर कामाला, बोलायचे कमी. काशीदादा, माझा मोठा भाऊ, टेम्पो चालवायचा, भिवंडीतल्या लूमच्या कारखान्यांतून कापडाचे तागे उचलायचे आणि पोचवायचे. मी शेंडेफळ, लाडावलेली, आणि गळ्याची. गावात कुणी विचारलं, आईच्या मागं कोण गाणार गो, की सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळायच्या.

मला मात्र धवले नको होते. शंभर वर्षं तेच शब्द, त्याच चाली, आणि गाणारीचं नाव कुठंच नाही! मला कॅसेट पाहिजे होती. वर माझा फोटो, केस मोकळे सोडलेला, आत माझा आवाज, माझे शब्द, माझी चाल, मागं ढोलकी आणि कॅसिओ. शाळेच्या वह्यांची मागची पानं मी गाण्यांनी भरून टाकली होती. आई ती पानं चुलीला लावायची नाही एवढंच, बाकी तिला त्यात रस नव्हता. "त्या गान्यात देव हाय का?" असं विचारायची. नव्हता. त्यात मी होते.

अशा घरात काशीदादाचं लग्न होऊन निर्मलावहिनी आली. माझ्याहून वर्षानं मोठी. माहेर कामतघरचं. वडील लूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारे, आणि घर त्या कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून असलेल्या चाळीत. दिवसाच्या शिफ्टला खडखड, रात्रीच्या शिफ्टला खडखड. तिथली माणसं जन्मापासून त्या आवाजाच्या वरून बोलायला शिकतात. वहिनीनं पहिल्या दिवशी ओटीवरून "काकी, पानी भरून झालं क्या?" असं नुसतं विचारलं, तर तीन घरं पलीकडची म्हातारी दचकून बाहेर आली. आम्ही हसून हसून लोळलो. तिचं बोलणंही तसंच, अर्धं मराठी, अर्धं हिंदी, "फालतू", "मतलब", "अच्छा". बायका तिला मेमसाब म्हणायच्या. मला वाटलं, चला, बरं झालं, हसायला एक मिळाली.

पण मेली चिवट. तिला आमची बोली शिकायची होती. आमच्यात मला म्हणजे मना, तुला म्हणजे तुना. आहे म्हणजे हाय, नाही म्हणजे न्हाय. ळ चा ल होतो आणि ड चा र. गाडीची गारी होते, साडीची सारी, आणि कपड्याची घडी असते ना, तिची होते घरी. वहिनी नळावर पाणी भरताना एकटीच पुटपुटायची, "गारी आली, गारी गेली." मला विचारायची, "ताई, डोला दुखतो म्हणायचं ना? डोळा नाही ना?" आणि मी ऐटीत सांगायचे. हो, मीच शिकवलं तिला सगळं. वर्षभरात ती अशी बोलायला लागली, की खाडीपलीकडच्या पाहुण्या बायका तिला विचारायच्या, तुजा म्हायेर कंच्या गावान गो? ती लाजून लाल व्हायची. मला ताई म्हणायची पण "तुम्ही" सोडून "तू" वर आली होती, आमच्यात तसंच बोलतात. एकदा आई माझ्या केसांना तेल लावता लावता म्हणाली, "आपला बोल निर्मलाच्या तोंडान बसला बघ. तुझ्यापक्षा बेस." मी वहिनीला हे सांगितलं नाही. कशाला सांगू?

आणि मग तो गळा. लूमवरून हाका मारून कमावलेला गळा. मोठा, पण फाटका नव्हे. वर जायला लागला की जातच राहायचा, आणि वर पोचल्यावर तिथं आरामात बसायचा. आईला आठवड्याभरात कळलं. तिनं वहिनीला शेजारी पाटावर बसवून धवले शिकवायला सुरुवात केली. जे मला नको होतं तेच ती वहिनीला देत होती, आणि तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला नको म्हणून काय झालं, विचारायचं तर होतं! दुपारी दोघींचा सूर लागायचा, आईचा खाली, वहिनीचा वर, आणि मी मागच्या पडवीत भांडी घासत बसायचे, जरा जास्तच आपटत.

त्या दिवाळीला काशीदादानं मला बाजारातून हिरवी साडी आणली. किती महिने मागं लागले होते मी त्याच्या! गडद हिरवी, केळीच्या पानासारखी, बारीक सोनेरी काठ. शेजारच्या नंदामावशीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, त्यात नेसायची म्हणून मी ती कागदासकट ट्रंकेत ठेवली. रोज उघडून बघायचे, हात फिरवायचे, परत ठेवायचे. आमच्याकडे, आणि आमच्याकडेच कशाला, सगळीकडेच, नव्या साडीची घडी मोडायला द्यायची रीत आहे. म्हणजे आपली कोरी साडी आधी दुसरीला नेसायला द्यायची, बहिणीला, मैत्रिणीला, घरच्या सुनेला. पहिल्यांदा ती नेसते, मग आपण. मायेची गोष्ट असते ती. नंदामावशीकडच्या साखरपुड्याच्या सकाळी आईनं ट्रंक उघडली, साडी काढली आणि वहिनीच्या हातात दिली. म्हणाली, "पयली घरी निर्मलाला मोरू दे. नवी सून हाय."

वहिनी म्हणाली, "न्हाय आई, ताईची हाय ती." खरंच म्हणाली, तिच्यावर खोटा आळ घेणार नाही. पण आईनं दिली ती दिली. वहिनी साडी नेसून ओटीवर आली आणि मी आरशात स्वतःला बघायचं सोडून तिच्याकडं बघत राहिले. ती साडी तिच्यासाठीच विणली होती असं दिसत होतं. सगळा साखरपुडा बायका तिचा पदर हातात घेऊन बघत होत्या. संध्याकाळी तिनं साडी परत घडी घालून, हात फिरवून, माझ्या उशाशी आणून ठेवली. तिच्या पावडरचा वास येत होता तिला. मी भाताच्या कणगीआड जाऊन रडले आणि रडता रडता वहीच्या मागच्या पानावर लिहिलं:

हिरवे सारीची घरी गो आये,
घरी मोरू दे मना.
माझे सारीन दुसरी सजली,
आरसा दावू कुना?

बसल्या जागी चाल सुचली, चार कडवी झाली. कुढत कुढत लिहिलेल्या गाण्याला चाल मात्र नाचायची लागली, हे मला आजही कळलेलं नाही. पुढं ज्या गाण्यावर तुम्ही सगळे हळदीत नाचलात, ते हे. नवरीच्या लाडिक रुसव्याचं गाणं म्हणून नाचलात. तो रुसवा नव्हता, जळफळाट होता.

ते गाणं मी नंदामावशीच्या घरी म्हणणार होते. लग्नाच्या दोन दिवस आधी गावच्या बायका तांदूळ निवडायला जमतात, तीसेक सुपं, तीसेक तोंडं, चहाच्या किटल्या फिरत असतात. मी ठरवून ठेवलं होतं, हिरवी साडी नेसून मध्ये उभं राहायचं आणि म्हणायचं. मावशीनं मला आतून पितळेची परात आणायला पाठवलं. मी परात उचलतेय तोवर बाहेरून आवाज आला, "आयका गो, आमचे ताईचा गाना आयका!" आणि वहिनी सुरू झाली. मी घरात काम करताना गुणगुणत असेन, तिनं ऐकून ऐकून पाठ केलं होतं. अक्षर चुकलं नाही. मी परात छातीशी धरून दारात उभी. सुपं थांबली होती. "आरसा दावू कुना" ला तिनं जो सूर लावला तो माझ्या डोक्यातसुद्धा नव्हता, आणि कागदावर मीच लिहिलेली ओळ ऐकून माझ्याच अंगावर काटा आला. आई पदरानं डोळे पुसत होती. माझ्यासाठी तिनं कधी डोळे पुसलेले मला आठवत नाहीत. गाणं संपल्यावर वहिनी धावत माझ्याकडे आली, गळ्यात पडली, म्हणाली, "ताई, समद्यांना आवरला गो तुझा गाना!" आधी माझ्या साडीची घडी मोडली होती, आता त्या साडीवरच्या गाण्याचीही मोडली. बरं, तिला तर माहीतही नव्हतं की गाण्यातली दुसरी ती म्हणजे तीच.

अंगणात भोंगे बांधायला जयवंतशेठ आला होता. भिवंडीच्या बाजारात त्याचं कॅसेटचं दुकान, लग्नांना लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा, आणि दुकानामागच्या खोलीत नव्या गाण्यांच्या कॅसेटी भरायचा. आमच्यातलाच, खाडीकाठचा. शिडीवरून उतरून तो थेट आमच्याकडं आला. गाणं कुणी केलं विचारलं, मी सांगितलं मी. गायलं कुणी, ते त्यानं ऐकलंच होतं. म्हणाला, "शुक्रवारी दोघीव या दुकानान. जिचा आवाज माइकला बसंल ती म्होरं, दुसरी कोरसला मांगं. कॅसेटीवर म्होरचीचा फोटो." एवढं बोलून तो परत शिडीवर चढला. शुक्रवार अशासाठी, की शुक्रवारी लूमला सुट्टी. बाकीचे सहा दिवस भिवंडीत काही रेकॉर्ड करायची सोय नाही, टेपवर गाण्याआधी लूम येतो.

 पुढं कोण उभं राहणार हे मला कळत होतं. जयवंतशेठला कळत होतं, आईला कळत होतं, म्हशीलासुद्धा कळत असेल. गाणं माझं, आणि फोटो तिचा! बुधवारी मी गाण्याचा कागद द्यायला एकटी दुकानात गेले. शेठनं कागद वाचला, मान डोलावली आणि म्हणाला, "एक ध्यानान ठेवा दोघीव. मना आपला बोल पायजे. सारी, घरी, मना, तुना. शुद्ध मराठीच्या कॅसेटी बाजारान ढीगभर परल्यान, त्या कोन घेतो? जरा शालेतला वास आला की बंद." मी म्हटलं, सांगते वहिनीला. रिक्षात बसले आणि अंजूर येईपर्यंत मी काय सांगायचं ते ठरवून टाकलं होतं. वाटेत भाताची शेतं होती तेव्हा, दोन्ही बाजूंनी. आता गोदामं आहेत. त्या वाटेवर आजही रिक्षा गेली की माझी मान आपोआप खाली जाते.

वहिनी चुलीपुढं कोलीम, म्हणजे बारीक जवळा, परतत होती. मी पाट घेऊन शेजारी बसले.

"वहिनी, शेठचा निरोप आहे. स्टुडिओत शुद्ध म्हणायचं."

"म्हंजे?"

"म्हणजे साडी म्हणायचं, सारी नाही. घडी मोडू दे मला. कॅसेट ठाण्या-मुंबईला जाते. सारी-घरी म्हटलं तर लोक हसतील, गावंढळ म्हणतील, असं शेठ म्हणाले."

तिनं उलथनं थांबवलं. "पन ताई, घरी म्हनताना कसा बरा वाटते. घडी म्हनलं की अडकल्यासारखा होते."

"मला काय विचारतेस? शेठनं सांगितलं ते सांगितलं."

"बराय," ती म्हणाली, आणि लगेच तिथंच घोकायला लागली. हिरव्या साडीची घडी. घडी मोडू दे मला. वर्षभर जीभ वळवून वळवून जे कमावलं होतं, ते दोन दिवसांत उलटं वळवायला बसली. भांडी घासताना, केर काढताना, घडी, घडी, घडी. मला वाटलं, आता सांगावं. दर खेपेला वाटलं. आणि दर खेपेला डोळ्यांसमोर तो फोटो यायचा.

शुक्रवारी सकाळी आम्ही भिवंडीत उतरलो तर गाव मेल्यासारखं शांत. लूम बंद असले की तिथं कानात दडा बसल्यासारखं वाटतं. वहिनी म्हणाली, लहानपणी शुक्रवारी तिला झोपच लागायची नाही. दुकानामागची खोली म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेल्या, पंखा बंद, मध्ये एक माइक. एक ढोलकीवाला, एक कॅसिओवाला, दोघंही घामानं चिंब. मी मुद्दाम हिरवी साडी नेसले होते. शेठ म्हणाला, "आधी निर्मला." ती माइकसमोर गेली, पदर खोचला आणि सुरू केलं, "हिरव्या साडीची घडी ग आई, घडी मोडू दे मला."

शेठनं हात वर केला. ढोलकी थांबली. "ये काय, शालेतली कविता? तवा तांदूल निवरताना तं बेस बोलत व्हतीस!"

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, ताईनंच सांगितलं.  ती नुसती वाट बघत होती, मी काहीतरी सांगेन म्हणून. हूं म्हणाले असते तरी पुरलं असतं, मान हलवली असती तरी पुरलं असतं. मी ढोलकीच्या दोऱ्यांकडं बघत राहिले. दुसऱ्यांदा तिनं "घडी" म्हटलं, मग अडखळून "घरी", पुढं परत "मोडू". तिसऱ्यांदा सुरुवातच चुकली. मोठा आवाज होता तो लहान लहान होत गेला. काय बरोबर आणि काय चूक तेच तिला कळेनासं झालं होतं, आणि ज्या बाईला विचारायचं ती समोर उभी राहून दोऱ्या मोजत होती. शेवटी शेठ म्हणाला, "राहू दे. वनिता, तू बोल."

मी बोलले. सारी, घरी, मना, कुना. एका दमात, एकही चूक नाही. शेठनं मांडीवर थाप मारली. वहिनी दोन हात मागं, गादीला टेकून, कोरसमध्ये उभी राहिली आणि माझ्या प्रत्येक ओळीनंतर "घरी मोरू दे मना" म्हणत राहिली, आता मला ऐकून ऐकून, अगदी बरोबर.

परतताना रिक्षात ती आधी चढली आणि आत सरकली. मग म्हणाली, "ताई, तू मात्र घरी म्हनलीस."

"तोंडातून गेलं माझ्या. सवय ना."

"हां." मग, "बेस म्हनलीस." माझा पदर रिक्षाच्या चाकाकडं लोंबत होता, तो तिनं ओढून माझ्या मांडीवर ठेवला.

घरी आल्यावर जेवताना काशीदादानं काय झालं विचारलं. वहिनीनंच सांगितलं, हसत हसत, आपलीच जीभ घसरली म्हणून. दादाला काय, निमित्तच हवं. "वरीस झाला गो, आजून घडी बोलतंस? कामतघरची ती कामतघरचीच राह्यलीस!" सगळे हसले. आईसुद्धा हसली. वहिनीही हसली, आणि उठून पाणी आणायला गेली. मी भाकरी कालवणात बुडवून खात होते. मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं, की दादा, तिची चूक नाही. घास गिळला आणि दुसरा घेतला. त्या दिवसानंतर वहिनी आमच्या बोलीत बोलली नाही. नाही, आहे, मला, तुम्हाला. मला परत "तुम्ही" म्हणायला लागली. आईनं पाटावर बोलावलं तर कामं काढायची. पुढं पुढं आईनं बोलावणं सोडून दिलं.

कॅसेट निघाली आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. फोटो आला, केस मोकळे सोडलेला. हळद तिथं मी, साखरपुडा तिथं मी. गणपती, नवरात्र, खाडीच्या अल्याड-पल्याड एक गाव राहिलं नाही. आणखी बारा कॅसेटी, मग सीडी, मग मुलांचे फोन आणि त्यांचे ते रिमिक्स. पण मजा ऐका. पहिल्याच वर्षी एका हळदीत एक म्हातारी मला म्हणाली, "बाय, तुझा गाना लय बेस. त्यान मांगं कोन बोलते गो? तो आवाज कुनाचा?" मी म्हटलं, कोरसच्या मुली. तेव्हापासून तो प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. आयोजक विचारतात, रेडिओवाले विचारतात, गेल्या वर्षी कॉलेजातला एक मुलगा माझी मुलाखत घ्यायला आला, दीड तास बसला, आणि उठता उठता म्हणाला, मॅडम, तो मागचा आवाज कोणाचा होता? माझ्या चहाचा कप ओढून घ्यावासा वाटला मला त्याच्या हातातून. नाव मिळालं, फोटो मिळाला, शाली आणि नारळ इतके मिळाले की ठेवायला जागा नाही, आणि तरी दर खेपेला ते गाणं लागलं की माझे कान माझ्या आवाजावर नसतात. ती येते कधी, याची वाट बघत असतात.

माझ्या आठवणींच्या या पुस्तकाचं हे प्रकरण लिहायला घेतलं आणि माझ्या ध्यानात आलं, की मी ते छापून सगळ्यांना सांगणार आणि जिला सांगायचं तिला नाही. म्हणून आधी अंजूरला गेले. दादानं जमीन गोदामाला दिली तेव्हा बांधलेलं मोठं घर आहे त्यांचं आता, वर नातवंडं, खाली ही दोघं. वहिनी स्वयंपाकघरात कोलंबी सोलत होती. गुडघ्यांमुळं खाली बसवत नाही, टेबलाशी बसून. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. शेठ काय म्हणाला होता आणि मी काय सांगितलं होतं. साडीपासून सांगितलं. ती सोलत राहिली. मला वाटलं रडेल, किंवा म्हणेल जाऊ द्या ताई, जुनं झालं. खरं सांगायचं तर तेच ऐकायला मी गेले होते.

ती म्हणाली, "म्हणजे मी बरोबर बोलत होते?"

"काय?"

"तेव्हा. तुमची बोली. मला बरोबर येत होती?"

"हो."

"सगळी?"

"सगळी. आई म्हणायची, आपला बोल तुझ्या तोंडात बसला म्हणून. माझ्यापेक्षा बेस."

तिचे हात थांबले. "आई म्हणायच्या? कुणाला?"

"मला."

कॅसेटचं तिनं एका शब्दानं काढलं नाही. फोटोचं नाही. "चाळीस वर्षं," ती म्हणाली, "मी माझ्याच घरात पाहुण्यासारखी बोलले ताई. हे हसायचे, पोरं हसायची. मला वाटायचं, आपल्याला नाहीच येत, उगाच कशाला हसं करून घ्यायचं. माझ्या लेकीच्या, मंजूच्या लग्नाला धवलारीण बाहेरून आणली. मला सगळे धवले पाठ होते. मी स्वयंपाकघरात उभी राहून मनात म्हणत होते." तिनं कोलंबीचं भांडं बाजूला सारलं आणि नळाखाली हात धुतले, बराच वेळ. मी म्हटलं, वहिनी. ती वळली नाही.

"तू जा आता," ती म्हणाली.

मी उठले. बाहेरच्या पायरीवर चपला शोधत होते, वय झालं की वाकायला वेळ लागतो, तेवढ्यात आतून तिचा आवाज आला, दादाला हाक मारणारा. तोच, भिंतीपलीकडं जाणारा आवाज. "आवं, आयकता का? जेवाला या. भाकरी थंड परली हाय, कोलमी कराला मना आज नका सांगू!" आत दादा बहुतेक तोंड उघडं ठेवून बसला असेल. परली. हाय. मना. सगळं जागच्या जागी, सहज, काल बोलल्यासारखं. मी ती बोली माइकवर बोलून बोलून, टाळ्यांसाठी ताणून ताणून केव्हाच खोटी करून ठेवलीय. घरात बोलायला गेले तरी आता कार्यक्रमातल्यासारखी येते. तिची कोरी होती. एक चप्पल पायात आणि एक हातात अशी मी तिथं उभी राहिले, ती आणखी काही बोलते का ऐकत, आणि खोटं कशाला लिहू, मला तिचा पुन्हा हेवा वाटला.